निर्मूलनातला मू दीर्घ

१८ सप्टेंबर २००१, मंगळवार

शाळा सुटल्यावर ग्रामपंचायतीत बोलावणं होतं. ओढेवाडी माझं जन्मगाव, इथल्या शाळेत मराठी शिकवायला लागून सोळा वर्षं झाली, पण पंचायतीच्या टेबलाशी आज पहिल्यांदा बसलो. वडलांचा या कचेरीशी संबंध दवंडीपुरता होता. आज सरपंच पोपटराव स्वतः उठून म्हणाले, "या सर, खुर्ची घ्या." बौद्धवाड्यातल्या माणसासाठी त्या खोलीत कोणी उठल्याचं मला आठवत नाही.

गाव यंदा जिल्ह्याच्या स्वच्छ गाव स्पर्धेत उतरतंय. दोन ऑक्टोबरच्या ग्रामसभेत ठराव करायचा आहे. ग्रामसेवकाने अकरा कलमांचा मसुदा लिहिलाय. पोपटराव म्हणाले, "ह्येचं मराठी म्हंजी औताचा फाळ, कुठंबी घुसतं. वरून तपासनीची समिती येनार. सर, तुमी जरा इस्त्री मारा." ग्रामसेवकही हसला. बिचारा सज्जन आहे.

चहा झाला. मंडळींचा कपबशीतून आला, माझा स्टीलच्या पेल्यातून. कप कमी पडले असावेत.

न्हावऱ्याला घरी येईपर्यंत एम-एटी गाडीवर मी गाणं म्हणत होतो, असं सिंधूचं म्हणणं. दारातून तिला ऐकू आलं म्हणे.

१९ सप्टेंबर, बुधवार

मसुदा लाल पेनने तपासला. दोनशे दहा शब्दांचे एकशे तीस झाले. सारांशलेखन मी नववीला इतकी वर्षं शिकवतोय, ते आज गावाच्या कामी आलं.

सातवं कलम सर्वांत गचाळ होतं. ‘गायरानातील उकिरडे, गोठे व राहती घरे काढून ती योग्य ठिकाणी हलविणे.’ आजूबाजूची कलमं कशी सुटसुटीत आहेत: गाजरगवत निर्मूलन, डास निर्मूलन, निरक्षरता निर्मूलन. मधेच ही शेपटी. ‘योग्य’ कोणी ठरवायचं? आणि ‘हलवणे’ हे क्रियापदच ढिलं. कुठून हलवलं आणि कुठे, दोन्ही सांगितल्याशिवाय त्याचं समाधान होत नाही. सगळं खोडून तीन शब्द केले: गायरानातील अतिक्रमण निर्मूलन.

निर्मूलन शब्द मला आवडतो. निर् आणि मूल. मूळ उरू न देणे. त्याला ‘कुठे’ हा प्रश्न विचारता येत नाही, तो आपल्या जागी पुरा आहे. ‘उच्चाटन’ही सुचला होता. पण तो मंत्रतंत्रातून आलेला. माणसाचं मन थाऱ्यावर राहू नये आणि त्याने आपली जागा सोडून जावं, यासाठी करायचा प्रयोग म्हणजे उच्चाटन. गावाच्या ठरावात अंधश्रद्धेचा शब्द नको. ‘उपटणे’ हा आपला रोजचा, ‘उत्पाटन’वरून झिजत आलेला, पण सरकारी कागदावर तो धोतर नेसून आल्यासारखा दिसतो.

सिंधू मागे उभी राहून वाचत होती. म्हणाली, "आत्यांचं घर गायरानातच आहे ना?"

मी म्हटलं, "तिचं घर म्हणजे अतिक्रमण थोडंच? तीस वर्षं झाली तिला तिथं."

"मग अतिक्रमण कुणाचं?"

"उकिरड्यांचं," मी म्हटलं. तिला डी.एड.ला मराठी नव्हतं, असं नाही. पण ती गणितवाली.

२ ऑक्टोबर, मंगळवार

ग्रामसभा उत्तम झाली. ठराव वाचायला पोपटरावांनी मलाच उभं केलं. "आवाज हाय सरांचा, आकाशवाणीवानी." आमच्या वस्तीतली माणसं एरवी सभेला मागे, पाराच्या टोकाशी उभी राहतात. आज मी वाचणार म्हणून पुढे आली. ताईबाई आत्या तर पहिल्या रांगेत, इस्त्रीचं लुगडं नेसून. ती माझ्या वडलांची धाकटी बहीण. बहात्तरच्या दुष्काळात नवरा गेला, तशी पोरगी काखेत मारून माहेरी आली. आमच्या एका खणाच्या घरात जागा नव्हती, म्हणून गायरानात तिने चार मेढी रोवल्या. आता तिथे आठ घरं आहेत.

मी एकेक कलम वाचलं आणि टाळ्या पडल्या. नोंदवहीवर सह्या-अंगठे घेताना आत्या शेजारणीला म्हणाली, "आपला मच्छू वाचतोय, मंग वाचून दावायची काय गरज? लाव अंगठा." आठही घरांचे अंगठे पहिल्या पानावर आहेत.

पोपटरावांनी जाताना खांद्यावर हात ठेवला.

२१ ऑक्टोबर, रविवार

गावभर भिंती रंगवण्याचं काम चालू आहे. गायरानाकडे जाणाऱ्या रस्त्यावर सोसायटीच्या गोदामाची मोठी भिंत आहे, तिच्यावर पेंटरने ‘अतिक्रमण निर्मुलन’ असं लिहून ठेवलं होतं. मू ऱ्हस्व! सुट्टीचा दिवस असून गाडी काढली. पेंटर म्हणाला, "सर, कोन बघतंय?" मी म्हटलं, "मूळ शब्दातला ऊकार दीर्घ. निर्मूलनातला मू ऱ्हस्व केला तर मूळच उरत नाही." तो म्हणाला, "मंग बरंच हाय की." हुशार आहे. पण मी उभा राहून दुरुस्त करून घेतलं.

समोर आत्या शेळ्यांना पाला टाकत होती. तिने चहाला हाक मारली. वेळ नव्हता.

१२ नोव्हेंबर, सोमवार

आत्या सकाळी न्हावऱ्याला आली. पदरात नोटीस. पंचायतीची, ठराव क्रमांक घालून. पंधरा दिवसांत अतिक्रमण स्वतःहून काढून घ्यावे, अन्यथा पंचायत निर्मूलन करील.

"काय म्हनतंय रं?" ती.

"काही नाही. गोठा जरा मागे घ्या म्हणतायत. स्पर्धेसाठी सगळ्यांनाच दिलीय."

"घराचं न्हाई ना काय?"

"घराचं कसं असेल?"

नोटिशीत घराचा उल्लेख खरोखरच नव्हता. फक्त अतिक्रमण असं होतं. ती चहा पिऊन, तेजश्रीच्या डोक्यावरून हात फिरवून गेली. माझी मुलगी तिच्या फार लाडाची.

सिंधू दिवसभर माझ्याशी कामापुरतं बोलली.

३० नोव्हेंबर, शुक्रवार

पोपटरावांना भेटलो. मी शांतपणे म्हणालो की, कलमाचा मूळ हेतू घरं योग्य जागी हलवायचा होता. नोटिशीत तसं स्पष्ट व्हायला हवं.

ते म्हणाले, "हलवायचा? कुठं लिवलंय सर?" आणि नोंदवही माझ्यापुढे सरकवली. "तुमीच लिवलंय, तुमीच वाचलंय. माजं शिक्षन सातवी. मला वाटलं, सरांनी इचार करून जागा काढून टाकली. गावठानात तरी कुठं हाय जागा? मी तर म्हनलं, वस्तीतला मानूस असून सर गावाचा इचार करत्यात."

मी म्हणालो की, ते संक्षेपासाठी होतं.

"आसंल की. झ्याक झालं. समितीचा सायेब वाचून म्हनला, असा ठराव तालुक्यात न्हाई."

मग विषय बदलून त्यांनी शाळेचं काढलं. ते आमच्या शाळा समितीवर आहेत. जूनमध्ये मुख्याध्यापक निवृत्त होतायत. सेवाज्येष्ठतेत मी आहेच, पण संस्थेत दोन मतं आहेत म्हणे. "आपलं मत पक्कं हाय. लोक काय, बोलत्यात. कुनी म्हनतं वस्तीतला नगं. मी म्हनलं, आमचे सर तसले न्हाईत."

तसले म्हणजे कसले, ते विचारायचं राहून गेलं. सध्या गोठेच काढतील असा माझा अंदाज आहे.

११ डिसेंबर, मंगळवार

तिसरा तास चालू असताना जेसीबीचा आवाज आला. शाळेच्या मागच्या खिडकीतून गायरान दिसतं. मुलं खिडकीशी गेली. मी त्यांना बसायला सांगितलं आणि धडा पुढे चालू ठेवला. तास संपायला वीस मिनिटं होती. तास सोडून जाता येत नाही.

गेलो तेव्हा पाच घरं झाली होती. यंत्राचं पुढचं फावडं नुसतं भिंतीला टेकवायचे, भिंत बसायची. पत्रे आधीच काढून ठेवू दिले होते, एवढं म्हटलं पाहिजे. आत्याच्या घराला पाया नव्हताच, चार मेढी होत्या. ड्रायव्हरने त्या फावड्याने ओढून काढल्या. खाली जमिनीत हातभर लाकूड काळं पडलेलं होतं, तेही निघालं.

सम्राट तिथे होता. आत्याच्या शेजारचा, शिक्रापूरच्या एका कंपनीत लागलाय, चोवीस-पंचवीसचा असेल. कंपनीचा शर्ट अंगात, सुट्टी टाकून आला होता. ग्रामसेवकाला विचारत होता, "साहेब, जागा कुठं देताय ते तरी सांगा. आमी आमच्या हातानं मोडून नेतो." ग्रामसेवक जमिनीकडे बघून म्हणाला, "ठरावात तशी तरतूद नाही." मग त्याने मान वर केली आणि माझ्याकडे पाहिलं. मला वाटतं, ऊन डोळ्यांवर येत होतं त्याच्या.

आत्याला आणि तिच्या पेटीला एम-एटीवर घेऊन आलो. दोन फेऱ्या झाल्या. शेळ्या वस्तीत एकाकडे ठेवल्या.

१२ डिसेंबर, बुधवार

आत्या आमच्याकडे आहे. मधल्या खोलीत झोपते. पहाटे उठून अंगण झाडते. सिंधू म्हणाली, नका झाडू. तर म्हणाली, "सवं हाय बाई. बसून काय करू?"

२७ डिसेंबर, गुरुवार

सम्राटने आठ घरांच्या वतीने वरच्या कचेरीत अर्ज केलाय. शिरूरला सुनावणी आहे, सोळा जानेवारीला. त्यांचं म्हणणं: गावाने आधी पर्यायी जागा कबूल केली होती, मग फिरवलं. खरं आहे. पण पुरावा काय? नोंदवहीत जागेचा शब्द नाही आणि खाली त्यांचेच अंगठे.

पुरावा आहे. ग्रामसेवकाच्या हातचा मसुदा, माझ्या लाल पेनाच्या खुणांसकट, माझ्याकडे आहे. मी असले कागद टाकत नाही. ‘योग्य ठिकाणी हलविणे’ हे शब्द खोडलेले आहेत, पण स्वच्छ वाचता येतात. मी नेहमी एकाच रेघेने खोडतो, विद्यार्थ्याला आपली चूक दिसली पाहिजे म्हणून.

हा कागद दिला तर सिद्ध काय होईल? पंचायतीने जागा कबूल केली होती आणि ती एका माणसाने काढून टाकली, हे. अक्षर माझं. पोपटराव म्हणतील, सरांनीच केलं. मग जूनचं काय, ते वेगळं सांगायला नको. पण तो मुद्दा गौण आहे. मुख्य मुद्दा असा की, मला अजून कोणी विचारलेलं नाही. सम्राट दोनदा आत्याला भेटायला आला, चहा प्यायला, कंपनीचं बोलला. कागदाचं बोलला नाही. त्याला माहीतच नसेल. विचारलं तर मी देईनच.

५ जानेवारी २००२, शनिवार

सिंधूने विचारलं, "तो कागद कुठंय?"

"कपाटात."

"सम्राटला कधी देणार?"

"त्याने मागितला पाहिजे. त्यांच्या वकिलाची काय दिशा आहे, आपल्याला ठाऊक नाही. न मागता दिला तर त्यांचंच नुकसान व्हायचं."

"वकील नाहीये त्यांना," ती म्हणाली. "दौंडचा एक बघणार होते, तो आलाच नाही."

आत्या स्वयंपाकघरात भाकरी थापत होती. थापण्याचा आवाज थांबला होता का, हे मला आता आठवत नाही.

१४ जानेवारी, सोमवार

संक्रांत. पोपटरावांकडून माणूस तिळगूळ घेऊन आला. घरापर्यंत, न्हावऱ्याला! आत्याने डबा उघडून बघितला, सगळ्यांना एकेक दिला, स्वतः घेतला नाही. दात नाहीत म्हणाली.

परवा सुनावणी. रजेचा अर्ज लिहून ठेवला आहे. कागद खिशात घालून जायचं, बाहेर बाकावर बसायचं आणि कोणी विचारलं तर पुढे करायचा, असं ठरवलंय. आज मन हलकं आहे.

१६ जानेवारी, बुधवार

रजेचा अर्ज दिला नाही. दहावीच्या पूर्वपरीक्षेचे पेपर आले होते.

१७ जानेवारी, गुरुवार

अर्ज फेटाळला. सम्राट आत्याला सांगायला आला होता. साहेब वाईट नव्हते म्हणाला. नीट ऐकून घेतलं. त्यांनी तीनदा विचारलं, "गावाने जागा देण्याचं कबूल केल्याचा एखादा कागद, चिठोरं, काही आहे का? असेल तर मी आज निकाल देत नाही, पुढची तारीख देतो."

"मग तू काय म्हणालास?" मी विचारलं.

सम्राटने आत्याकडे बघितलं. "न्हाई म्हनलो, सर."

मी म्हटलं, "मला आधी बोलायचं होतंस."

तो उठून उभा राहिला. चप्पल घालताना म्हणाला, "तुमाला पेपर व्हते ना, सर." पोरगा कधी उलटून बोलत नाही, पण यात थोडा टोमणा होता असं वाटलं. घर गेलेल्या माणसाचं मनावर घेऊ नये.

गोष्ट संपली. आता कागद ठेवून उपयोग नाही. बंबात टाकला.

३ फेब्रुवारी, रविवार

तपासणी समिती येऊन गेली. गाव गटात दुसरं. गायरानात करंजाची रोपं लावली आहेत, प्रत्येकाला विटांचा गोल. समितीच्या एका बाईंनी विचारलं, इथे आधी काय होतं? पोपटराव म्हणाले, "घान व्हती." मी त्यांच्या शेजारीच होतो. ओळख करून देताना म्हणाले, "हे आमचे सर, ठराव ह्येंचाच." बाईंनी हात जोडले. मीही जोडले.

आत्याला आज तिची मुलगी दौंडला घेऊन गेली. जावई रेल्वेत गँगमन आहे. त्यांची एकच खोली आहे, आमच्याकडे तीन. मी थांब म्हटलं. ती म्हणाली, "लेकीकडं जाऊन बघती थोडं दिस." पेटी घेऊन गेली.

२६ एप्रिल, शुक्रवार

मुख्याध्यापकपदाचं पत्र मिळालं. जूनपासून. पत्रात ‘नियूक्ती’ असं छापलंय, यु दीर्घ. दुरुस्त करून मागावं का, असं मनात आलं. नको म्हटलं.

५ मे, रविवार

दौंडला जाऊन आलो. पेढे घेतले होते. लाइनीच्या पलीकडे, गाडी गेली की ताटल्या वाजतात अशी खोली. जावई कामावर, मुलगी पाण्याला गेलेली. आत्या बाहेर सावलीला पोत्यावर बसून तांदूळ निवडत होती. उन्हाळ्यात आणखी वाळलीय.

पेढा हातात घेऊन म्हणाली, "मोटा सायेब झालास. तुजा बाप दवंडी द्यायचा, त्येला दावायला पायजे व्हतं." खरोखर आनंद होता तिच्या तोंडावर. म्हणूनच मला बोलावंसं वाटलं. मी म्हटलं, "आत्या, एक सांगायचंय. माझ्याकडे एक कागद होता. जागेचा. सम्राटने विचारलं असतं, तर मी दिला असता."

ती निवडतच राहिली. म्हणाली, "लाल पेनाचा."

मी पेढ्यांचा पुडा बंद केला.

"ग्रामसेवकानंच सम्राटला सांगितलं व्हतं. जेसीबी आला त्या दिशीच. सरांकडं हाय म्हनला, मागून घ्या. ते पोरगं तवाच निघालं व्हतं तुज्याकडं. मी आडवलं. सुनावनीच्या आदल्या दिशी पुन्यांदा आलं, तू साळंत व्हतास. म्हनलं, सम्राटा, माज्या गळ्याची आन हाय, मच्छूला कागद मागायचा न्हाई. बाकीच्या सात घरांच्या बायकाबी माज्यावर चिडल्या. आजून बोलत न्हाईत."

"का पण? का अडवलंस?"

तिने एक खडा काढून लांब टाकला. "तू न्हाई म्हनला असतास."

"मी नाही म्हणालो नसतो!"

"मंग चांगलंच," ती म्हणाली. मग सूप हलवत, "घर गेलंच व्हतं रं. कागद मागून भाचाबी कशाला घालवू? आता कुनी इचारलं तर म्हनाया येतं, मच्छूला कुनी इचारलंच न्हाई."

मुलगी हंडा घेऊन आली, तशी आत्याने तिला माझ्यासाठी चहा टाकायला सांगितला, आणि मला, दौंडहून न्हावऱ्याची शेवटची गाडी किती वाजता ते विचारलं. मी सांगितलं. म्हणाली, "मंग बस की घटकाभर. लई टाइम हाय."

मी बसलो नाही. एसटीत खिडकीशी जागा मिळाली. ‘मी नाही म्हणालो नसतो’ हे वाक्य मनात पुन्हा पुन्हा म्हणून पाहिलं. व्याकरणाने बरोबर आहे.